सहा गठ्ठे आणि एक मोकळी फाईल

सरकारी ऑफिसात टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत बांधायचे असतात. चालू कामाचा पहिला, उत्तराची वाट बघणाऱ्या कागदांचा दुसरा, ठरावीक मुदतीत पाठवायच्या तक्त्यांचा तिसरा, कायमच्या आदेशांचा चौथा, रेकॉर्ड रूममध्ये धाडायच्या फायलींचा पाचवा आणि नष्ट करायच्या कागदांचा सहावा. मी या पद्धतीला नावं ठेवत नाही. ज्या कारकुनाचे गठ्ठे नीट, त्याच्याकडे मागितलेला कागद दोन मिनिटांत मिळतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. माझा राग पद्धतीवर नाही. जिथं ती लागू पडत नाही तिथंही ती लावून मोकळं होणाऱ्या एका माणसावर आहे, आणि त्याहून जास्त माझ्या स्वतःवर आहे. इतकी वर्षं झाली तरी तो निवलेला नाही.

परभणीत कालव्याच्या पाण्याचं एक ऑफिस होतं. कोणत्या गावच्या कुणी किती रानाला पाणी मागितलं, कालव्याच्या कोणत्या चारीला कोणत्या दिवशी पाण्याची पाळी, याची नोंद तिथं व्हायची. तिथं मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. होते म्हणजे एकोणतीस दिवसांची होते. एकोणतीस दिवसांची ऑर्डर, मग एक दिवस घरी, मग पुन्हा एकोणतीस दिवस. सलग महिना भरला की माणूस हक्क सांगेल, म्हणून तो भरूच द्यायचा नाही. अशा ऑर्डरींची माझ्याकडे दीड वर्षांत एक जाड फाईल झाली होती. मला कायम करावं असा प्रस्ताव तयार होता. त्यावर मोठ्या साहेबांची एक सही राहिली होती, आणि मोठे साहेब दप्तर तपासणीला येतील तेव्हा ती होणार होती. हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. माझ्या आईलाही माहीत होतं.

माझं गाव गंगाखेड तालुक्यात, राणीसावरगावच्या वाटेवर. आई दुसऱ्याच्या रानात रोजानं जायची. आम्ही बौद्ध. विद्यापीठाच्या नव्या नावावरून लोक रस्त्यावर आले तेव्हा मी दहा वर्षांची होते, आणि त्या पावसाळ्यात आईनं मला दोन रात्री ज्वारीत लपवून ठेवलं होतं, एवढं सांगितलं तरी पुरे. पुढं त्याच नावासाठी आई दोनदा मोर्चाला गेली, एकदा आठ दिवस जेलात राहून आली. त्याच विद्यापीठाच्या गावी राहून मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. घरात पदवी नाही, नोकरी नाही, जमीन नाही, आणि मी एकदम कॉम्प्युटरवर. आई गावात सांगायची, माझी लेक टीव्हीसमोर बसून काम करते.

ऑफिसात मशीन आलं तेव्हा एक तरुण अभियंता साहेब होते. मशीन एक आणि काम करणारे तीन. साहेबांनी पुण्याच्या मित्राकडून फ्लॉप्यांचा एक डबा आणला. त्यात लिनक्स होतं, म्हणजे मशीन चालवणारी मूळ सिस्टिम. तेव्हा हे नाव आमच्याकडे कुणी ऐकलेलं नव्हतं. फुकट वाटलं जाणारं, आतलं सगळं लिखाण कुणालाही उघडून वाचता येणारं, आणि एका मशीनला जुने पडदे आणि कीबोर्ड जोडून तिघांना एकदम बसू देणारं. साहेब आणि मी चार दिवस एकेक फ्लॉपी घालत बसलो. मग साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी छापलेल्या कागदांचा एक गठ्ठा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता हे तुमचं." ऑफिसात मला "हे तुमचं" असं कुणी पहिल्यांदाच म्हटलं होतं. मी ते कागद झिजेपर्यंत वाचले.

मशीन उठतं कसं, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. बटण दाबलं की त्याला आधी काहीच येत नसतं. डिस्कच्या अगदी पहिल्या घरात काय लिहिलंय ते वाचायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्या घरात एका पोस्टकार्डावर मावेल इतकाच मजकूर बसतो. तिथं एक छोटा प्रोग्रॅम असतो आणि त्याचं काम एकच, सिस्टिमचा गाभा डिस्कवरून उचलून मेमरीत आणायचा. गाभा म्हणजे कर्नल नावाची एक फाईल. पण गंमत अशी, की या छोट्या प्रोग्रॅमला फाईल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, नाव म्हणजे काय, हे समजतच नाही. ती समज गाभ्यात असते, आणि गाभा तर अजून आलेला नसतो. म्हणून आधीच एक नकाशा करून ठेवावा लागतो. गाभ्याचा पहिला तुकडा डिस्कच्या अमुक घरात, दुसरा तमुक घरात. छोटा प्रोग्रॅम तो नकाशा धरून घरोघर जातो आणि तिथं जे सापडेल ते उचलतो. आत कोण राहतं हे तो विचारत नाही. गाभा मेमरीत आला की मग खरी जाग येते. डिस्क तपासली जाते, कुणी कोणत्या क्रमानं उठायचं याच्या याद्या वाचल्या जातात, आणि शेवटी तीन पडद्यांवर नाव विचारलं जातं.

नकाशा आणि त्याच्या सोबतच्या बारीक फायली एका फोल्डरात नीट होत्या. गाभ्याची फाईल मात्र सगळ्या फोल्डरांच्या बाहेर, अगदी मुळाशी, एकटी मोकळी पडलेली असायची. तेव्हा तशीच रीत होती. बूट नावाचा फोल्डर करून सगळं त्यात ठेवायची रीत नंतर आली, आमच्यापर्यंत ती पोचली नव्हती. ती मोकळी फाईल जागची हलवायची असेल तर हलवल्यावर एक आज्ञा देऊन नकाशा नव्यानं लिहून घ्यावा लागतो. एवढा एकच नियम. तो मी माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहिला होता.

आता हेडक्लार्क. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. पन्नाशीचे, निजामाच्या अमलातले जुने कागद वाचता येणारे, सकाळी सर्वांच्या आधी येऊन आपलं टेबल आपल्या हातानं पुसणारे. त्यांच्या हातून कधी कागद हरवला नाही. कॉम्प्युटर आल्यावर बाकीचे कारकून सुरुवातीला चार हात लांब राहिले, भाऊसाहेब एकटे माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "मला बी शिकवा. पेन्शनीला आलो म्हनून काय झालं." मी शिकवलं. नक्कल कशी करायची, फाईल कशी हलवायची, दोन फायली सारख्या आहेत का हे कसं ताडायचं, नको असलेली कशी काढायची. प्रत्येक आज्ञा त्यांनी वहीत देवनागरीत लिहून घेतली आणि पुढं तिचा अर्थ. असा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही.

मला ते कधी वाईट बोलले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. एकदाच म्हणाले, "तुमच्या लोकात आता लय हुशारी यायली." कौतुकानं म्हणाले. मी हसले. अशा वेळी काय करायचं असतं हे मला आजही माहीत नाही.

संक्रांतीच्या आधी तपासणीचं पत्र आलं. मोठे साहेब संक्रांतीनंतरच्या आठवड्यात येणार, सहा गठ्ठे तयार ठेवावेत. भाऊसाहेबांनी सगळ्या टेबलांची झाडाझडती घेतली आणि मग माझ्याकडे वळले.

"मशीनमधले गठ्ठे कधी बांधताव?"

"त्यात गठ्ठे नसतात, भाऊसाहेब."

"आसं कसं? त्यात फाईली हायत का न्हाई?"

"आहेत."

"मग गठ्ठे हायतच."

मी वाद घातला नाही. पाण्याच्या अर्जांच्या, पाळीच्या, पत्रांच्या ज्या फायली होत्या त्यांच्यासाठी एक ते सहा असे फोल्डर केले आणि सगळं वाटून ठेवलं. खरं तर दिसायलाही बरं दिसलं. देवगाव फाट्याकडची पाळी विचारली तर चटकन काढता येत होती. भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर घेऊन पडद्यावरची यादी वरून खाली वाचली आणि बोट एका ओळीवर ठेवलं.

"ही मोकळी का पडलीय?"

"ती हलवायची नाही. तिच्यावर मशीन उठतं."

"कोन उघडतं तिला?"

"कुणीच नाही. ती उघडायची नसते."

"आवक नंबर न्हाई, जावक नंबर न्हाई, तारीख मागच्या सालची, कोनी उघडत न्हाई. आन् पडलीय आशी येशीवर. साहेब पहिल्यांदा तिच्यावरच बोट ठिवतील." ते मनापासून काळजीत होते. "पाचव्या गठ्ठ्यात घाला. नष्ट करा म्हनायलो का मी? रेकॉर्डला लावा."

मी त्यांना घरांची आणि नकाशाची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "नाव तेच ऱ्हाईल, आतला मजकूर तोच ऱ्हाईल. मग काय बिघडतं?" मी म्हटलं, त्याला नाव कळत नाही, फक्त जागा कळते. भाऊसाहेबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं हे मला दिसत होतं. मी आणखी जोर लावायला हवा होता. पण प्रस्ताव त्यांच्याच टेबलावरून पुढं जाणार होता, आणि मी गप्प बसले.

संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाच्या नावाची घोषणा झाली. नामांतर म्हणत म्हणत शेवटी नामविस्तार झाला. जुनं नाव तसंच ठेवून त्याच्या आधी नवं जोडलं. यावर आमच्यातही खूप बोलणं झालं. माझ्या आईला त्या बोलण्याशी कर्तव्य नव्हतं. तिनं निरोप धाडला, पुढच्या सोमवारी आपल्या वस्तीत मिरवणूक आहे, मंगळवारी जेवणं आहेत, तू नसलीस तर मी जेवणार नाही.

मी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहायला बसले. 'कारण' या शब्दापुढं आले आणि पेन थांबलं. एकदा लिहिलं, गावी नामविस्ताराचा कार्यक्रम असल्याने. ते वाचून बघितलं. हा अर्ज भाऊसाहेब वाचणार, नोंदवणार, माझ्या फाईलला लावणार, आणि ती फाईल तपासणीला मोठ्या साहेबांसमोर जाणार. कुणी मला काही म्हटलेलं नव्हतं. रजा नाकारली असती असंही नाही. तरी मी तो कागद फाडला, दुसरा घेतला आणि लिहिलं, आई आजारी असल्याने. सोळा वर्षं ज्या नावासाठी माणसं चालली, मार खाल्ला, ते नाव मला एका ओळीत लिहिता आलं नाही. माझी आई त्यासाठी जेलात बसली होती आणि मी तिला खाटेवर निजवलं. मला तेव्हा लाज वाटली नाही, हे सगळ्यात वाईट. मला वाटलं, शहाणपणा केला.

मिरवणुकीत आई सगळ्यात पुढं होती. पांढरं लुगडं, हातात निळा झेंडा, पायात चपला नाहीत. गावाच्या वेशीपासून वस्तीपर्यंत ती नाचत आली. मी तिला त्याआधी नाचताना कधी पाहिलं नव्हतं, पुढंही पाहिलं नाही. सबंध पंचक्रोशी बघायला उभी होती. ते बघणाऱ्यांत कोण कोण होतं याकडं माझं लक्ष नव्हतं.

बुधवारी मी कामावर आले. मशीन सुरू केलं, नेहमीसारखं उठलं. भाऊसाहेब म्हणाले, "तुमी नव्हताव तर मी जरा गठ्ठे नीट केले. साहेबाच्या आदी सगळं कसं लखलखीत पायजे." मला वाटलं, कागदांचे. पाळ्यांचे अर्ज तुंबले होते. बुधवारी आणि गुरुवारी मी मान वर न करता पोखर्णीकडच्या गावांचे अर्ज भरले, नव्या याद्या केल्या. दोन्ही संध्याकाळी मशीन रीतसर बंद केलं. गुरुवारी सकाळीही ते विनातक्रार उठलं होतं.

शुक्रवारी मोठे साहेब आले. पुण्याकडचे, मृदू बोलणारे, कागद वाचताना ओठ हलवणारे. गठ्ठे बघून ते खूश झाले. मग म्हणाले, कॉम्प्युटर दाखवा. सगळं ऑफिस माझ्या टेबलाभोवती जमलं. मी बटण दाबलं. पडद्यावर नेहमीची अक्षरं उमटली, ठिपके पडू लागले, गाभा उलगडतो आहे अशी ओळ आली, आणि तिच्याखाली चूक असल्याची एक ओळ आणि 'सिस्टिम हॉल्टेड'. मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. मागून एक कारकून हळूच म्हणाला, "आन् म्हने कॉम्प्युटर कधी चुकत न्हाई."

"वेळ घ्या," साहेब म्हणाले. "मी चहा घेतो."

अभियंता साहेबांनी मला एक गोष्ट बजावली होती, की मशीन उठवायची एक वेगळी फ्लॉपी कुलपात ठेवायची. ती होती. मी फ्लॉपीवरून मशीन उठवलं आणि डिस्क उघडून बघितली. मुळाशी मोकळी पडलेली फाईल तिथं नव्हती. शोधल्यावर पाचव्या गठ्ठ्यात सापडली. नाव तेच, लांबी तीच. तारीख मात्र सोमवारची, सकाळी अकरा वाजून काही मिनिटांची. मी गावात आईच्या मागून चालत होते तेव्हाची.

मग सगळं माझ्या ध्यानात आलं. भाऊसाहेबांनी फाईल नुसती हलवली असती तर काहीच बिघडलं नसतं, कारण हलवताना मजकूर आपली घरं सोडत नाही, फक्त यादीतलं नाव इकडून तिकडं जातं. पण मुळातला कागद त्यांनी आयुष्यात कधी तसा उचलून दुसरीकडं दिला नव्हता. आधी खरी नक्कल करायची, मूळ प्रतीशी ताडून बघायची, बरोबर असल्याची सही करायची, आणि मग मूळ निकालात काढायचं, ही त्यांची तीस वर्षांची शिस्त. त्यांनी नक्कल केली, दोन्ही ताडून बघितल्या, आणि मूळ काढून टाकलं. नक्कल डिस्कवर वेगळ्याच घरांत गेली. जुनी घरं मोकळी आहेत असं लिहिलं गेलं, पण त्यांतला मजकूर कुणी लगेच पुसत नाही. म्हणून बुधवारी आणि गुरुवारी नकाशा त्याच घरांत गेला आणि जुना, काढून टाकलेला गाभा उचलून मशीन उठवत राहिला. मग त्या मोकळ्या घरांत हळूहळू नवे अर्ज राहायला आले. ते माझ्याच हातानं आले. शुक्रवारी नकाशानं गाभ्याच्या जागी पोखर्णीकडच्या शेतकऱ्यांची नावं उचलली असणार.

मी नक्कल पुन्हा मुळाशी आणून ठेवली, नकाशा नव्यानं लिहायची आज्ञा दिली, फ्लॉपी काढली आणि मशीन सुरू केलं. उठलं. सगळं मिळून पाऊण तासही लागला नव्हता. इथंच थांबले असते तर माझं भलं झालं असतं. पण मागून आलेलं ते वाक्य माझ्या कानात होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणून मी तारखेसकट ती ओळ प्रिंटरवर छापली आणि कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेले.

"सर, चूक माझ्याकडून झालेली नाही. ही फाईल सोमवारी हलवली गेली. सोमवारी मी रजेवर होते."

साहेबांनी कागद वाचला आणि भाऊसाहेबांकडं बघितलं. मला वाटलं, आता ते नाही म्हणतील. पण भाऊसाहेब खोटं बोलणारे नव्हतेच. कपाटातून त्यांनी एक लिफाफा आणला. मशीनचा मुख्य पासवर्ड मी नियमाप्रमाणे लिफाफ्यात बंद करून त्यांच्याकडं दिलेला होता. लिफाफ्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, कार्यालयीन निकडीसाठी उघडला, खाली सही आणि सोमवारची तारीख.

"मीच केलं साहेब. गठ्ठ्याच्या नियमानं केलं. ताडून बघितलं, मगच मूळ काढलं. ह्या नको म्हनल्या होत्या, पर मला वाटलं मोकळी फाईल बरी दिसत न्हाई."

साहेब हसले. "आता या वयात तुम्ही कॉम्प्युटरला हात लावताय हेच पुष्कळ आहे. चूक काय, काम करणाऱ्याच्याच हातून होते." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आणि मॅडम, तुमची कमाल आहे. पाऊण तासात उभं केलंत. ते प्रस्तावाचं बघतोच मी." त्यांनी माझी फाईल जवळ ओढली, उघडली, वरचाच अर्ज बघितला. खरोखर माया आली त्यांच्या आवाजात. "आई कशी आहे आता?"

मला बरी आहे एवढं म्हणायचं होतं. पण मी टेबलावरचा प्रिंटरचा कागद उचलून त्याची घडी घालू लागले.

"ठनठनीत हाय साहेब," भाऊसाहेब म्हणाले. तेही हसतच होते. माझी अडचण दूर करावी तसं म्हणाले. "आमचा भाचा राणीसावरगावला ऱ्हातो. मिरवनूक बघायला गेल्ता. सांगायलता, तुमच्या ऑपरेटर बाईची माय सगळ्याच्या म्होरं नाचत व्हती, आनवानी."

साहेबांनी पुन्हा एकदा अर्जाकडं बघितलं. भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू जरा उशिरा गेलं. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं असावं. पण कळल्यावरही त्यांनी पुढं काही केलं नाही, आणि आज मला त्यांचं तेवढंच आठवतं.

"हा अर्ज तुमच्याच अक्षरातला आहे?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"खरं लिहिलं असतं तर मी रजा दिली असती का नसती?"

"दिली असती, सर."

"मग?"

या 'मग'चं उत्तर माझ्याकडं होतं. ज्वारीतल्या दोन रात्रींपासून सुरू करावं लागलं असतं. चहाचे कप समोर, दारात शिपाई, हातात प्रिंटरचा कागद. साहेबांनी फाईल मिटली आणि म्हणाले, "काम उत्तम आहे, त्यात शंका नाही. पण ज्या माणसाकडं सगळ्या ऑफिसची नोंद आहे, त्याच्या स्वतःच्या कागदावर खोटं असून चालणार नाही. प्रस्ताव तूर्त राहू द्या." आवाज चढवला नाही. ते चुकीचं बोलले असंही मी म्हणू शकत नाही, आणि त्यानंच जास्त जाळलं.

तपासणीच्या शेऱ्यात भाऊसाहेबांबद्दल लिहिलं गेलं की ज्येष्ठ कर्मचाऱ्याने संगणकावरही अभिलेख पद्धती लागू करण्याचा उत्साह दाखवला. माझ्याबद्दल एक ओळ होती. ती मी पाठ केलेली आहे, इथं लिहीत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी असं लोक म्हणतात, पण मला तेही म्हणता येत नाही, कारण मी संन्यासी नव्हते. मी एका ओळीपुरती भित्री होते. त्या ओळीचा हिशेब मांडणारे हजार होते. ती मी का लिहिली, हे विचारून उत्तरासाठी थांबणारा कुणी नव्हता.

चालू ऑर्डरचे अकरा दिवस उरले होते. ते मी भरले. भाऊसाहेबांना मोकळ्या फाईलचा नियम त्यांच्या वहीत लिहून दिला, नकाशा नव्यानं लिहायची आज्ञा दोनदा त्यांच्याकडून करवून घेतली. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, "माझ्या मनात तसं काई नव्हतं." मी म्हटलं, "माहीत आहे." एक दिवस घरी बसले, पुढची ऑर्डर आली नाही. कुणी काढून टाकलं नाही. फक्त पुन्हा बोलावलं नाही.

आईला मी आठ दिवस सांगितलं नाही. मग गावी गेले. ती रानातून येऊन चुलीपाशी बसली होती. नोकरी गेल्याचं सांगितलं. का गेली विचारल्यावर मशीनचं, फाईलचं सांगायला लागले. तिनं हात वर केला, ते नको, खरं सांग. मग अर्जाचं सांगितलं. तू आजारी असल्याचं मी लिहिलं होतं, आणि तू नाचताना त्यांच्या माणसानं पाहिलं.

मला वाटलं ती चिडेल. मला हव्या होत्या शिव्या. तिनं भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग माझ्याकडं न बघता, चुकलेल्या माणसानं बोलावं तसं म्हणाली, "मला आदी सांगायचं न्हाई का बाई. पडले आस्ते की दोन दिस बिमार. एवढं काय नाचायचं नडलं व्हतं माजं."